ओरॅकल: अख्ख्या स्कीमाच्या क्रिएट स्क्रिप्ट सोमवारपर्यंत कशा काढू?

रबाळे_लोकल | शुक्रवार, सायं. ७:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

महाप्याच्या एका छोट्या कंपनीत आहे. आमचं सॉफ्टवेअर एका पतसंस्थेत चालतं. ओरॅकल १९सी, स्कीमा (एका मालकाच्या नावावरची टेबलं, व्ह्यू, कोड) एकच, नाव 'पतपेढी'. ४१२ टेबलं, नव्वदेक व्ह्यू, ६३ पॅकेजेस. ट्रिगर मोजायची हिंमत झाली नाही. ज्यांनी हे सगळं लिहिलं ते केव्हाच सोडून गेले. गिटमध्ये फक्त जावाचा कोड आहे, डेटाबेसचा कोड म्हणजे जो प्रॉडक्शनला आहे तोच.

आज चार वाजता मेल आला. संस्थेच्या ऑडिटरना 'सर्व ऑब्जेक्ट्सच्या निर्मितीच्या स्क्रिप्ट' हव्यात. डेटा नको, पण रिकाम्या सर्व्हरवर चालवल्या की पूर्ण रचना उभी राहिली पाहिजे. सोमवारी सकाळी अकराला वाशीत मीटिंग.

मी एवढं केलं:

सिलेक्ट डीबीएमएस_मेटाडेटा.गेट_डीडीएल('टेबल','सभासद') फ्रॉम ड्युअल;

आणि हाती आलं हे:

क्रिएट टेबल "पतपेढी"."सभासद"
( "सभासद_क्र" नंबर(१०,०) नॉट नल एने

बस. एने. पुढे काहीच नाही. एका टेबलाची ही तऱ्हा, तर बाकी चारशे अकरांचं काय?

क्लायंटच्या जंप सर्व्हरवर (त्यांच्या डेटाबेसपर्यंत पोचायचं मधलं मशीन) फक्त एसक्यूएल प्लस आहे, म्हणजे नुसती कमांड टाइप करायची खिडकी, दुसरं काही टाकायची परवानगी नाही. आणि इथला एडिटर रोमन अक्षरांची आपोआप देवनागरी करतो, त्यामुळे कमांड्स अशा दिसताहेत. उलट वाचून घ्या.

---

झटपट_बाबू | शुक्रवार, रा. ८:०४

एसक्यूएल डेव्हलपर → टूल्स → डेटाबेस एक्सपोर्ट. डेटावरची टिक काढा, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश. पाच मिनिटांचं काम, धागा कशाला?

---

रबाळे_लोकल | शुक्रवार, रा. ८:११

धागा पूर्ण वाचलात का? फक्त एसक्यूएल प्लस आहे.

---

झटपट_बाबू | शुक्रवार, रा. ८:१२

ओह. मग अवघड आहे.

---

एक_मिसळप्रेमी | शुक्रवार, रा. ८:३०

वाचतोय. यातलं काही कळत नाही, पण 'एने' आवडलं.

---

खाडीकाठचे_काका | शुक्रवार, रा. ९:२६

आत्ताच घरी पोचलो. विटाव्याच्या पुलाखाली पाणी, रिक्षा कळव्याकडून वळवून आणली.

पोरी, घाबरू नकोस. स्क्रिप्ट अर्धवट निघालेली नाही, पूर्णच निघालीय, तुला दिसत नाहीये एवढंच. गेट_डीडीएल जे परत देतं (डीडीएल म्हणजे क्रिएट, ऑल्टर असली रचनेची वाक्यं) ते क्लॉब, म्हणजे लांबलचक मजकूर, असतं, आणि एसक्यूएल प्लस क्लॉबची पहिली ८० अक्षरंच दाखवतं. 'लाँग' या सेटिंगची मूळ किंमतच ८० आहे. पंचवीस वर्षांत या ८० अक्षरांनी किती जणांना रडवलं असेल त्याची गणती नाही. सुरुवातीला हे लाव:

सेट लाँग २०००००००
सेट लाँगचंकसाइझ ३२७६७
सेट लाइनसाइझ ३२७६७
सेट पेजसाइझ ०
सेट ट्रिमस्पूल ऑन
सेट फीडबॅक ऑफ

लाँगचंकसाइझ विसरू नकोस. ते ८०वरच राहिलं तर मजकूर सगळा येतो, पण दर ८० अक्षरांनी तुटून, आणि तो तुकडा नेमका कॉलमच्या नावाच्या मधोमध पडतो.

मग हे:

एक्झेक डीबीएमएस_मेटाडेटा.सेट_ट्रान्सफॉर्म_पॅरॅम(डीबीएमएस_मेटाडेटा.सेशन_ट्रान्सफॉर्म, 'एसक्यूएलटर्मिनेटर', ट्रू);

याच साच्यात 'स्टोरेज', 'सेगमेंट_अॅट्रिब्यूट्स', 'टेबलस्पेस', 'एमिट_स्कीमा' आणि 'रेफ_कन्स्ट्रेंट्स' यांना फॉल्स दे. पहिल्यामुळे प्रत्येक वाक्याशेवटी अर्धविराम आणि पॅकेजशेवटी तिरकी रेघ येते. ती नसेल तर फाइल फक्त वाचण्यापुरती, चालवता येणार नाही. बाकीच्यांनी इनिशियल, नेक्स्ट, पीसीटीफ्री ही सगळी भरताड जाते आणि नावामागचं "पतपेढी". गळून पडतं.

हे सगळं त्या सेशनपुरतंच असतं. जंप सर्व्हरने मध्येच हाकललं आणि तू पुन्हा लॉगिन केलंस तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एका फाइलमध्ये ठेव आणि तीच चालव.

टेबलं अशी काढ (स्पूल म्हणजे पडद्यावरचं फाइलमध्ये उतरवणं):

स्पूल २०_टेबल.एसक्यूएल
सिलेक्ट डीबीएमएस_मेटाडेटा.गेट_डीडीएल('टेबल', टेबल_नेम)
फ्रॉम यूझर_टेबल्स
व्हेअर नेस्टेड = 'नो'
अँड (आयओटी_टाइप इज नल ऑर आयओटी_टाइप = 'आयओटी')
अँड टेबल_नेम नॉट इन (सिलेक्ट एमव्ह्यू_नेम फ्रॉम यूझर_एमव्ह्यूज)
ऑर्डर बाय टेबल_नेम;
स्पूल ऑफ

शेवटची अट का, तर मटेरियलाइज्ड व्ह्यू (निकाल साठवून ठेवणारा व्ह्यू) यादीत दोनदा दिसतो, एकदा टेबल म्हणून आणि एकदा स्वतः म्हणून. दोन्ही काढलेस तर चालवताना 'हे नाव आधीच आहे' म्हणून फटका बसेल.

जेवून येतो. मग क्रम सांगतो.

---

रबाळे_लोकल | शुक्रवार, रा. ९:५८

काका, दंडवत! 'एने'च्या पुढे 'बल' आलं 😄 फाइल तयार होतेय. पण आता सगळंच एका दमात काढावं म्हणून यूझर_ऑब्जेक्ट्सवर लूप लावला, ऑब्जेक्ट_टाइप जसाच्या तसा दिला, तर पॅकेज बॉडीला ओआरए-३१६०० येतंय. अमान्य किंमत म्हणे.

---

मध्यरात्र_रिलीज | शुक्रवार, रा. १०:१५

हा ओरॅकलचा खास विनोद आहे. यूझर_ऑब्जेक्ट्समध्ये 'पॅकेज बॉडी' लिहिलेलं असतं, मधे मोकळी जागा. गेट_डीडीएलला हवं 'पॅकेज_बॉडी', मधे अंडरस्कोर. 'मटेरियलाइज्ड व्ह्यू'चं तेच. एवढ्यावर भागलं असतं तर रिप्लेस लावून मोकळे झालो असतो. पण 'डेटाबेस लिंक'ला तो म्हणतो 'डीबी_लिंक', आणि शेड्यूलरचा 'जॉब' मागायचा तर 'प्रॉकऑब्ज'. हे नाव ज्याला सुचलं त्याला भेटायचंय एकदा.

आणखी एक. नुसतं 'पॅकेज' मागितलं की स्पेक (नुसती घोषणा) आणि बॉडी (आतला कोड) दोन्ही मिळतात. मग लूपमध्ये बॉडीची पाळी येते आणि ती दुसऱ्यांदा निघते. म्हणून 'पॅकेज_स्पेक' आणि 'पॅकेज_बॉडी' असं वेगवेगळं माग. 'टाइप'लाही तेच.

---

शून्य_रो | शुक्रवार, रा. १०:४०

माफ करा, पण मूळ प्रश्नच चुकलाय. डेटाबेसमधून स्क्रिप्ट 'काढायची' वेळ येते म्हणजे ती कधी ठेवलीच नव्हती. प्रत्येक बदल फाइलमध्ये, फाइल गिटमध्ये, आणि फ्लायवे किंवा लिक्विबेस अशा टूलने तीच फाइल चढवायची. २०२०नंतरही लोक प्रॉडक्शनला जाऊन थेट ऑल्टर टेबल मारतात हे वाचून वाईट वाटतं.

---

खाडीकाठचे_काका | शुक्रवार, रा. ११:०५

> मूळ प्रश्नच चुकलाय

शून्यराव, मुद्दा शंभर टक्के बरोबर, वेळ शंभर टक्के चुकीची. घरात पाणी शिरलंय आणि तुम्ही सांगताय की जोतं उंच बांधायला हवं होतं.

शिवाय या धाग्यातून जे निघेल तीच तिची गिटमधली पहिली कमिट होणार आहे. लिक्विबेस बसवायचं तरी सुरुवातीची रचना कुठून तरी काढावीच लागते ना? तीही शेवटी डेटाबेसलाच विचारून.

आता क्रम. मी फाइलींना आकडे देतो, मधे जागा सोडून:

१० टाइप आणि सिक्वेन्स
२० टेबल, फॉरेन की वगळून
३० उरलेले इंडेक्स
४० फॉरेन की
५० व्ह्यू, सिनॉनिम (टोपणनावं)
६० पॅकेज स्पेक, फंक्शन, प्रोसीजर
७० पॅकेज बॉडी
८० ट्रिगर
९० ग्रँट (दुसऱ्यांना दिलेल्या परवानग्या), कॉमेंट, जॉब

फॉरेन की वेगळी का? टेबलं नावाच्या क्रमाने निघतात. 'कर्ज' आधी, 'सभासद' नंतर. कर्जाच्या टेबलातच सभासदाकडे बोट दाखवलेलं असेल तर सभासद जन्मायच्या आधीच त्याचा दाखला मागितल्यासारखं होतं. म्हणून 'रेफ_कन्स्ट्रेंट्स' फॉल्स ठेवलं. आता यूझर_कन्स्ट्रेंट्समधून 'आर' प्रकारची नावं घेऊन गेट_डीडीएल('रेफ_कन्स्ट्रेंट', नाव) कर.

व्ह्यूंची चिंता नको. ते 'क्रिएट ऑर रिप्लेस फोर्स' म्हणून निघतात, खालचं टेबल नसलं तरी तयार होतात, इनव्हॅलिड राहतात एवढंच. पॅकेजचंही तसंच. सगळं झालं की शेवटी एकदा डीबीएमएस_युटिलिटी.कंपाइल_स्कीमा चालव.

३०मध्ये प्रायमरी कीचे इंडेक्स पुन्हा काढू नकोस, ते टेबलाबरोबर आलेत. लॉबचे (क्लॉबसारख्या मोठ्या कॉलमचे) तर अजिबातच नकोत, ते ओरॅकल स्वतः बनवतं.

---

उपवनवाली | शुक्रवार, रा. ११:३१

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी, म्हणजे माझ्यासाठी:

पीजी_डंप --स्कीमा-ओन्ली -एन पतपेढी --नो-ओनर

एक ओळ. क्रम तोच लावतो. फॉरेन की, इंडेक्स शेवटी आपोआप. मी झोपते. शुभरात्री 😇

---

खाडीकाठचे_काका | शुक्रवार, रा. ११:३४

जखमेवर मीठ.

---

सानपाडा_सर्व्हर | शनिवार, स. ८:१०

अवांतर, पण एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी सावध राहा. डेटाबेसवर राइट क्लिक → टास्क्स → जनरेट स्क्रिप्ट्स हे सगळ्यांना माहीत असतं. पुढे 'अॅडव्हान्स्ड' बटण आहे, त्याच्या आत 'स्क्रिप्ट ट्रिगर्स' मुळात फॉल्स असतं. ते बटण कोणी दाबत नाही. आमच्याकडे एकाने अशी स्क्रिप्ट काढून नवा सर्व्हर उभा केला. दोन महिने सगळं सुरळीत, फक्त ऑडिटचं टेबल रिकामं. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण ट्रिगर नसल्याची एरर कुठेच येत नाही.

मायएसक्यूएलमध्येही असंच. मायएसक्यूएलडंप --नो-डेटा ट्रिगर देतं, पण प्रोसीजर हव्या असतील तर --रूटीन्स आणि इव्हेंट हवे असतील तर --इव्हेंट्स वेगळं सांगावं लागतं.

---

रबाळे_लोकल | शनिवार, दु. १२:२०

सकाळी आठला ऐरोलीहून लोकल पकडून ऑफिसला आले. अख्ख्या मजल्यावर मी आणि एसीचा आवाज.

१० ते ८० निघालं. ९०वर अडले. ग्रँटसाठी गेट_डिपेंडंट_डीडीएल('ऑब्जेक्ट_ग्रँट', टेबल_नेम) सगळ्या टेबलांवर चालवलं, तर तिसऱ्याच टेबलाला ओआरए-३१६०८ आणि सगळं थांबलं.

---

मध्यरात्र_रिलीज | शनिवार, दु. १२:५१

त्या टेबलावर कोणालाच ग्रँट दिलेली नाही, म्हणून. 'काही नाही' असं सरळ सांगायच्या ऐवजी तो एरर फेकतो. एक तर ब्लॉक लिहून एरर गिळा, नाहीतर आधीच गाळणी लावा. यूझर_टॅब_प्रिव्ह्स_मेडमध्ये जी टेबलं आहेत तेवढ्यांनाच विचारा. कॉमेंटलाही तेच, यूझर_टॅब_कॉमेंट्स आणि यूझर_कोल_कॉमेंट्समध्ये जिथे मजकूर आहे तेवढीच टेबलं घ्या.

'कॉमेंट काय कामाच्या' असं म्हणून सोडू नका. एकदा एका कॉलमवर कॉमेंट सापडली होती: 'हा कॉलम बाईंना विचारल्याशिवाय बदलू नये.' कोण बाई, काही पत्ता नाही. पण आम्ही बदलला नाही. सहा महिन्यांनी कळलं की बाहेरची एक एक्सेल शीट थेट त्याच कॉलमवर जगत होती.

आता महत्त्वाचं. फाइल चालवायच्या आधी वर या तीन ओळी घाला:

सेट डिफाइन ऑफ
सेट एसक्यूएलब्लँकलाइन्स ऑन
व्हेनेव्हर एसक्यूएलएरर कंटिन्यू

पहिलीची किंमत आम्ही मोजलीय. पॅकेजमध्ये एक ओळ होती:

व्ही_शीर्षक := 'पी&एल पत्रक';
व्ही_दंड := ०;

एसक्यूएल प्लसला '&' दिसला की तो पुढच्या शब्दाला व्हेरिएबल समजतो आणि किंमत विचारतो. माणूस समोर असता तर प्रश्न दिसला असता. आम्ही रात्री दोन वाजता फाइल एसक्यूएलप्लस < फाइल अशी आत ढकलली होती. किंमत विचारल्यावर उत्तर म्हणून त्याने फाइलमधली पुढची ओळच उचलली! म्हणजे कोड झाला:

व्ही_शीर्षक := 'पीव्ही_दंड := ०; पत्रक';

मजा म्हणजे हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. पॅकेज कंपाइल झालं, लाल अक्षर एक नाही. सकाळी शाखेतून फोन आला की पत्रकाच्या माथ्यावर 'पीव्ही_दंड := ०;' असं काहीतरी छापून येतंय आणि शेवटचा रकाना कोरा आहे. कोरा असणारच. दंड शून्य व्हायची ओळच गिळली गेली, दंड नल राहिला, आणि नलमध्ये काहीही मिळवलं की नलच. त्या दिवसापासून मी 'सेट डिफाइन ऑफ' हे श्रीगणेशाय नमः सारखं पहिल्या ओळीत लिहितो.

दुसरी ओळ व्ह्यूंसाठी. व्ह्यूच्या मजकुरात कोणी मधे रिकामी ओळ सोडली असेल तर एसक्यूएल प्लसला वाटतं वाक्य संपलं, आणि पुढच्या प्रत्येक ओळीला एसपी२-००४२, अननोन कमांड.

---

तलावपाळी | शनिवार, दु. ३:१५

एक प्रश्न. पतसंस्था आहे म्हणजे पॅकेजेसमध्ये, कॉमेंटमध्ये मराठी मजकूर असणार. स्पूल केलेली फाइल उघडून पाहिलीत का?

---

रबाळे_लोकल | शनिवार, दु. ३:२२

नाही... थांबा.

---

रबाळे_लोकल | शनिवार, दु. ३:२९

जिथे 'ठाणे' हवं तिथे ¿¿¿¿ आहे. सगळीकडे. मला आता रडू येतंय.

---

तलावपाळी | शनिवार, दु. ३:४१

रडू नका, डेटाबेस शाबूत आहे, फक्त फाइल बिघडलीय. जंप सर्व्हर विंडोजचा असणार आणि तिथे एनएलएस_लँग डब्ल्यूई८एमएसविन१२५२ असणार. त्या अक्षरसंचात देवनागरी नाहीच. जे अक्षर बसत नाही त्याजागी ओरॅकल उलटं प्रश्नचिन्ह टाकतं. ठ, काना, ण, मात्रा मिळून चार, म्हणून चार चिन्हं.

एसक्यूएल प्लस सुरू करायच्या आधी, त्याच खिडकीत:

सेट एनएलएस_लँग=अमेरिकन_अमेरिका.एएल३२यूटीएफ८

आणि सगळं पुन्हा स्पूल करा. पडद्यावर अक्षरं वेडीवाकडी दिसली तरी लक्ष देऊ नका, फाइल चांगल्या एडिटरमध्ये उघडून बघा. चालवतानाही हीच सेटिंग हवी, नाहीतर उलट्या दिशेने तोच घोळ.

आता हाताला लागलंच आहे तर दुसरा खड्डाही बुजवून टाका. ट्रान्सफॉर्म पॅरॅममध्ये 'साइझ_बाइट_कीवर्ड' ट्रू करा. मुळात तो फॉल्स असतो. त्यामुळे प्रॉडक्शनला व्हारचार२(२० बाइट) असलेला कॉलम स्क्रिप्टमध्ये नुसता व्हारचार२(२०) होतो. आता ज्या डेटाबेसात एनएलएस_लेन्थ_सिमँटिक्स 'चार' आहे तिथे ही स्क्रिप्ट चालवली, की तो कॉलम २० अक्षरांचा बनतो. २० बाइट आणि २० अक्षरं इंग्रजीत एकच. मराठीत नाही, कारण यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं.

आम्ही शाखेच्या नावात पकडले गेलो होतो. टेस्ट सर्व्हर अशाच स्क्रिप्टवरून बनवलेला. तिथे 'कोपरखैरणे' मस्त बसलं. प्रॉडक्शनला टाकलं तर ओआरए-१२८९९, अॅक्च्युअल २७, मॅक्झिमम २०. अख्खी दुपार गेली. 'ठाणे' १२ बाइटात बसतं म्हणून इतकी वर्षं कोणाला कळलंच नव्हतं. शाखा खाडी ओलांडून नवी मुंबईत गेली आणि कॉलम कमी पडला.

---

एक_मिसळप्रेमी | शनिवार, दु. ४:०२

पहिल्यांदाच या विभागातलं काहीतरी पूर्ण समजलं. कोपरखैरणेकरांचा जाहीर निषेध, नाव छोटं करा.

---

खाडीकाठचे_काका | शनिवार, सायं. ६:३०

तलावपाळी, हे मलाही नवीन. वाचनखूण साठवली.

रबाळेताई, एक दुसरा रस्ताही सांगून ठेवतो. तिथल्या डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) फोन करून विनंती कर:

एक्सपीडीपी ... स्कीमाज=पतपेढी कंटेंट=मेटाडेटा_ओन्ली
इम्पीडीपी ... एसक्यूएलफाइल=पतपेढी.एसक्यूएल ट्रान्सफॉर्म=सेगमेंट_अॅट्रिब्यूट्स:एन

दुसरी कमांड काही इम्पोर्ट करत नाही. चालवली असती ती सगळी डीडीएल एका फाइलमध्ये लिहून देते, योग्य क्रमाने. मात्र ती फाइल सर्व्हरच्या डिरेक्टरीत पडते, तुझ्या मशीनवर नाही, म्हणून डीबीए लागतो. ऑडिटरला हीच दिलीस तरी चालेल खरं तर. पण प्रत्येक ऑब्जेक्टची वेगळी फाइल करून गिटमध्ये टाकायची तर गेट_डीडीएलच बरं. मी दोन्ही काढतो आणि ताडून बघतो.

आमच्या वेळी हे लाडही नव्हते. डीबीएमएस_मेटाडेटा ओरॅकल ९आयमध्ये आलं. त्याआधी इम्प शो=वाय करायचं आणि लॉगमधली अवतरणचिन्हं आणि वाटेल तिथे मोडलेल्या ओळी ऑक या युनिक्स कमांडने शिवत बसायचं. आजही कोणी गेट_डीडीएल हळू चालतं म्हणून कुरकुर करतं तेव्हा हसू येतं. आतून ते बिचारं कॅटलॉगमधून एक्सएमएल बनवतं आणि एक्सएसएल लावून त्याची डीडीएल करतं. वेळ लागणारच.

---

शून्य_रो | शनिवार, रा. ९:१४

काका, जोत्याचं मनावर घेतलं नाही. एक उपयोगाचं सांगतो. सिक्वेन्स तपासा. गेट_डीडीएल 'स्टार्ट विथ'मध्ये आत्ताचा आकडा घालतं, मूळचा नाही. रिकाम्या डेटाबेसात पहिल्या सभासदाचा नंबर ४८,००० च्या घरात निघेल. काही ठिकाणी तसंच हवं असतं, इथे बहुधा नको. आणि गिटमध्ये ठेवणार असाल तर दर वेळी हा आकडा बदलून उगाच डिफ दाखवत राहील.

---

रबाळे_लोकल | रविवार, रा. १०:४७

हजर आहे. घरच्या लॅपटॉपवर २१सी एक्सई (फुकटची ओरॅकल) टाकून रिकामी स्कीमा बनवली आणि सगळं १०पासून ९०पर्यंत चालवलं.

पहिल्या फेरीत इनव्हॅलिड: २१२. हृदय बंद पडायची वेळ. कंपाइल_स्कीमानंतर: ११.

त्या ११पैकी ५ पॅकेजेस एसएमएस पाठवणाऱ्या दुसऱ्या स्कीमाचं पॅकेज वापरतात. ती ग्रँट त्या स्कीमाने आम्हाला दिलेली, म्हणून आमच्या स्क्रिप्टमध्ये नाहीच. डीबीएने दिलेल्या एसक्यूएलफाइलमध्येही नव्हती. यूझर_टॅब_प्रिव्ह्स_आरईसीडीमध्ये सापडली. आणखी २ पब्लिक सिनॉनिममुळे, ते स्कीमाच्या मालकीचे नसतात हे आज कळलं. १ डेटाबेस लिंकमुळे. तिची स्क्रिप्ट आली, पण पासवर्डच्या जागी व्हॅल्यूज ':१' एवढंच. बरोबरच आहे म्हणा, ऑडिटरला पासवर्ड कशाला.

या सगळ्याची ०५_बाहेरून_लागणारे.एसक्यूएल अशी वेगळी फाइल केली. एसएमएसच्या पॅकेजचा नुसता सांगाडा आणि लिंक खोट्या पासवर्डने बनवली, तर ११वरून ३वर आले. हे ३ व्ह्यू मात्र काही केल्या व्हॅलिड होत नाहीत. 'थकबाकी_जुने' नावाचं टेबल मागतात आणि ते ४१२मध्ये नाहीच. माझ्या गाळणीत ते कुठे गळलं? दोन तास शोधतेय.

---

खाडीकाठचे_काका | रविवार, रा. ११:०२

प्रॉडक्शनला हे चालव:

सिलेक्ट ऑब्जेक्ट_टाइप, ऑब्जेक्ट_नेम फ्रॉम यूझर_ऑब्जेक्ट्स व्हेअर स्टेटस = 'इनव्हॅलिड';

---

रबाळे_लोकल | रविवार, रा. ११:१९

...

तेच तीन. प्रॉडक्शनलाही इनव्हॅलिड आहेत. ते टेबल कधीतरी कोणीतरी उडवलंय आणि व्ह्यू तसेच राहिलेत. 'फोर्स'मुळे माझ्याकडेही ते जसेच्या तसे मोडके उभे राहिले.

---

खाडीकाठचे_काका | रविवार, रा. ११:२४

मग जुळलं की! दोन्हीकडे प्रकारवार मोजणी घे, जनरेटेड = 'एन' अट लावून, म्हणजे ओरॅकलने स्वतः नावं ठेवलेले इंडेक्स वगैरे मधे येणार नाहीत. आकडे शेजारीशेजारी मांड. ते तीन व्ह्यू काढू नकोस, दुरुस्तही करू नकोस. जसे आहेत तसे दे आणि खाली लिही की मूळ ठिकाणीही इनव्हॅलिड आहेत. उद्या कोणी विचारलंच तर उत्तर कागदावर असेल.

---

रबाळे_लोकल | सोमवार, दु. २:३६

दिलं. ऑडिटरनी आधी मोजणीचा तक्ता पाहिला, मग ०५ नंबरची फाइल उघडून तिच्यावरच अर्धा तास बोलले. एसएमएसच्या स्कीमाचा मालक कोण, हे संस्थेतही कोणाला सांगता आलं नाही. आता त्या स्कीमाच्याही स्क्रिप्ट हव्यात. गुरुवारपर्यंत.

काका, ठाणे स्टेशनला मामलेदारची मिसळ माझ्याकडून. तलावपाळी आणि मध्यरात्र, तुम्हीही या.

---

एक_मिसळप्रेमी | सोमवार, दु. २:३७

मी पण या धाग्यावर होतो.